गाण्याचा केर

१२ जानेवारी

या शनिवारीही येणार नाही म्हणे.

हात जरा स्थिर झाल्यावर लिहावं असं ठरवलं होतं. पण स्थिर हाताने मी जे लिहिते ते फार समजूतदार असतं. म्हणून आत्ताच.

आज रेकॉर्डिंग होतं. माझं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे उभी राहून आलाप भरले, तेलाच्या आणि रंगाच्या जाहिराती गायले, लिफ्टमधली आणि दवाखान्यातली ती गोड बाई झाले – "कृपया आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहा." सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा गाण्यावर माझं नाव येणार. एकटीचं नाही, त्या जोडगोळीसोबत. पण येणार.

जोडगोळी म्हणजे तिशीतली दोन मुलं. सगळं गाणं यंत्रावर बांधतात, खोलीत वाद्य म्हणून एक नाही. एक अखंड बोलतो, दुसरा तोंड उघडत नाही. मनातल्या मनात मी त्यांना बोलका आणि मुका म्हणते. नाचायचं गाणं आहे. शब्द बेताचेच – उजेड सांडला रस्त्यावर, पाऊल पडू दे, वगैरे. अंतरा मात्र सुरेख. वरच्या सुरावर जाऊन हळूच उतरतो, घरात कुणी झोपलेलं असताना जिना उतरावा तसा. आठवडाभर घोटला होता.

फोन आत न्यायचा नसतो. मी नेला. आईच्या खुब्याचं ऑपरेशन आत्ताआत्ताच झालंय, वॉकर धरून कशीबशी चालते, आणि सांभाळणाऱ्या बाई दुपारी जातात. दोन टेकच्या मध्ये मी काचेच्या खोलीतच उभी होते तेव्हा ताईचा फोन. "अगं, ऑडिट लागलंय, या शनिवारी काही जमत नाही बघ." मागच्या वेळी मुलाची परीक्षा. त्याआधी तिकीट मिळत नव्हतं. आई पडल्यापासून ताई एकदा आली, दोन दिवस राहिली, औषधांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि गेली. आता लांबून सगळं चालवते. उन्हात बसव. पाय उंच ठेव. तिला नुसतं पडून राहू देऊ नकोस. जशी काही मी आईला फडताळात ठेवून कामाला जाते!

मी काय बोलले ते शब्दशः आठवत नाही. पण बोलले. साठलेलं एकदाचं तोंडाबाहेर पडलं. कान तापले होते. तेवढ्यात आईचा फोन, तिचं काहीतरी नेहमीचं, ते दोन शब्दांत उरकलं. मग हेडफोन चढवला आणि अंतरा एका दमात गायले. बोलक्याने काचेपलीकडून दोन्ही अंगठे दाखवले.

घरी आले तर आई पलंगावर आडवी. अंगावर बाहेर जायचे चांगले कपडे. बाईंनी काय म्हणून चढवले कुणास ठाऊक. जेवली नाही. भूक नाही म्हणाली. ताई येणार नाही हे तिलाही कळलं असणार.

१३ जानेवारी

ताईचा मेसेज – "कॅल्शियम जेवणानंतर दे, आधी नको." कालचं जणू झालंच नाही.

२४ जानेवारी

गाणं आलं. म्हणजे कच्चं मिक्स आलं. भाजी चिरता चिरता फोनवर लावलं आणि सुरी खाली ठेवली.

सुरुवातीला ठेका. मग माझी एक ओळ, पाण्याखालून आल्यासारखी. आणखी ठेका. मी अंतऱ्याची वाट बघतेय. अंतरा नाहीच. त्या जागी सगळं एकदम थांबतं, आणि एक बाई म्हणते, "नको येऊस." जराशी थांबते. "राहू दे." की मग छत कोसळावं तसा ठेका अंगावर येतो.

ती बाई मी.

शेवटपर्यंत तेच. 'नको'च्या आधीचा श्वाससुद्धा ठेवलाय. 'येऊस' म्हणताना आवाज फाटतो, तेवढा तुकडा कापून पुन्हा पुन्हा लावलाय, दाराची कडी वाजावी तसा. मी ताईला बोललेलं वाक्य. माझ्या घरातलं भांडण. आणि त्यावर लोकांनी कमरा हलवायच्या!

बोलक्याला फोन केला. तो खूश.

"मॅडम, ऐकलंत? काय लागलंय ना!"

"ते मी गायलेलं नाहीये."

"तेच तर."

"ते माझं खाजगी बोलणं होतं. फोनवरचं."

"म्हणजे कसं आहे मॅडम, आम्ही माणूस आत आला की रेकॉर्डिंग चालू करतो ते माणूस गेला की बंद. मधलं जे असतं – खोकला, पाणी पिणं, पानं उलटणं – त्याला आम्ही केर म्हणतो. प्रत्येक गाण्याचा केर चाळतो. त्यात कधी कधी…"

"माझ्या घरचा केर तुम्ही चाळायचं कारण नाही."

गप्प झाला. तो गप्प झाला याचा मला क्षणभर आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

"आणि अंतरा?" मी विचारलं.

"अंतरा छान होता," म्हणाला. जसं एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं.

२५ जानेवारी

स्टुडिओत गेले. लिफ्टमध्ये माझाच आवाज – "दार बंद होत आहे." अशा वेळी या बाईच्या एक ठेवून द्यावीशी वाटते.

भांडायची तयारी करून गेले होते. मुद्दे काढले होते. पहिला, न विचारता घेतलं. दुसरा, विचारलं तेव्हा आधीच करून झालं होतं. तिसरा, माझं गाणं काढून माझं बोलणं ठेवलं. मी गायिका आहे. बोलक्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तर निघेल. आत्ता काढतो." एवढं सोपं! मग भांडायचं कशाशी?

मुका तोपर्यंत यंत्राकडे तोंड करून बसलेला. न वळता म्हणाला, "गाताना तुम्ही फार काळजी घेता. इथे घेतली नाहीत."

त्याच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य. आणि ते असं.

मी म्हटलं, ठीक आहे, तेच हवंय ना, मी आत जाऊन म्हणते. नीट, ठरवून म्हणते. तेवढं तरी माझं काम असेल. आत गेले. नको येऊस. राहू दे. रागावून म्हटलं. हळू म्हटलं. रडवेलं म्हटलं. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आणून म्हटलं. बाहेर येऊन ऐकलं तर प्रत्येक वेळी तीच – कृपया आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहा. बोलका नखं बघत होता. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. लाज नाही. राग. दोन्ही.

२७ जानेवारी

उद्यापर्यंत सांगायचंय. ठेवायचं की काढायचं.

नवऱ्याला ऐकवलं. तो दातांच्या कवळ्या बनवतो. हातातली कवळी घासणं थांबवून त्याने पूर्ण ऐकलं, हे विशेष. म्हणाला, "मला तू असं कधी बोलली नाहीस."

"कसं?"

"असं. आतून. मला तू फार तर 'बघ तुला काय वाटतं ते' म्हणतेस."

"काढून टाकू का?"

"बघ तुला काय वाटतं ते," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. मग म्हणाला, "ताईला आधी सांग पण. तिला वाईट वाटेल."

तिला वाईट वाटेल. आईला संडासला नेताना माझी कंबर धरते त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. मी पहिल्यांदा माझ्या नावाचं गाणं केलं, तिने "कसं झालं गं" एवढंही विचारलं नाही, त्याचं नाही. पण तिला वाईट वाटेल!

२८ जानेवारी

हो म्हणाले.

कारणं लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला वेगळी सांगेन.

एक, ते चांगलं आहे. मी आयुष्यात माइकपुढे जे काही केलं त्यात सगळ्यांत खरं तेच आहे, आणि ते मी केलेलं नाही याचा संताप मला असला तरी ते खरं आहे. दोन, काढलं असतं तर गाणंच राहिलं नसतं आणि माझं नाव पुन्हा मागे गेलं असतं. ही दोन कारणं सांगता येण्यासारखी.

तिसरं. ताईने ऐकावं. फोनवर बोललेलं ती झटकून टाकते, मेसेजला अंगठा दाखवते. हे झटकता येणार नाही. दुकानात, रिक्षात, शेजाऱ्यांच्या गॅलरीत, जिथे जाईल तिथे मी तिला म्हणेन, नको येऊस. मला ते हवं होतं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण खोडणार नाही.

तिला आधी कळवलं नाही.

१० फेब्रुवारी

आज गाणं आलं. माझं नाव त्या दोघांच्या नावाखाली, पण त्याच अक्षरांत.

आईला ऐकवलं. उशी टेकून बसवली, फोन तिच्या कानाशी धरला. ठेका सुरू झाल्यावर हसली – "बाई गं, काय धडाधडा!" मग ती जागा आली. नको येऊस. राहू दे. आईचं हसू तसंच राहिलं, पण डोळे दुसरीकडे गेले, खिडकीकडे. गाणं संपेपर्यंत तिकडेच बघत होती.

म्हणजे ओळखलं. ओळखणारच. मी वाट बघत बसले, आता ताईची बाजू घेईल म्हणून. तोंडावर आलेली सगळी उत्तरं तयार होती.

म्हणाली, "चांगलं म्हटलंयस. अगदी मनापासून."

"आवडलं?"

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या तर त्यांना सांगत होती, "ऐकलंत का? हे माझं गाणं आहे." काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा चमत्कारिकच. लेकीचं ते माझं, असं म्हणणाऱ्या आया त्यांनी पाहिल्या नाहीत का?

१२ फेब्रुवारी

ताईकडून काही नाही. नाही म्हणजे आहे – "सूज उतरली का? बर्फ लाव."

१९ फेब्रुवारी

गाणं पसरतंय. हा शब्द रोगासाठी वापरतात, पण दुसरा सुचत नाही. चपलांच्या दुकानात वाजत होतं. शाळेच्या बसमधून पोरं ओरडत गेली. व्यायामशाळेच्या खिडकीतून ठेका येतो, मग ती शांतता, मग वीस-पंचवीस बायका एका सुरात – नको येऊस! आणि दाणदाण उड्या. त्यांच्या आवाजात काय समाधान असतं! प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर कुणीतरी असणार. नवरा म्हणतो, "तू लोकांची मोठी सोय केलीस. आता कुणाला यायचं नसलं की गाणं पाठवतात." त्याच्या कारखान्यातल्या एकाने तर साहेबांच्या फोनलाच हे लावलंय.

आज आईला तपासायला दवाखान्यात नेलं. बाकावर बसलोय, वरून मी – "कृपया आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहा." लगेच काउंटरवरच्या मुलीचा फोन वाजला, त्यातून मी – "नको येऊस. राहू दे." आई इतकी हसली की टाके दुखतील म्हणून तिने पोट धरलं. टाके खुब्याला होते! "एकीचं ऐकावं की दुसरीचं?" म्हणाली. बाजूचे लोक बघायला लागले. त्यांना काय माहीत की दोघी मीच, आणि तिसरी मी त्यांच्या शेजारी पिशवी धरून बसलेय.

मी पण हसले. घरी येईपर्यंत.

ताईने ऐकलं नाही हे आता शक्य नाही. तिच्या ऑफिसात माणसं आहेत, घरात पोरगा आहे. ऐकून गप्प आहे. हीच तिची रीत. आपण ओरडावं, तिने शांत राहावं, आणि शेवटी शांत माणूस बरोबर ठरावा. लहानपणापासून हेच. मी दार आपटायची आणि ती आत जाऊन अभ्यास करायची. मार मला.

(मार नाही. फक्त बोलणी. अतिशयोक्ती नको.)

२६ फेब्रुवारी

व्यायाम करवून घेणारी मुलगी आईला याच गाण्यावर चालवते. ठेक्याला एक पाऊल, ठेक्याला वॉकर. गाणं थांबतं तिथे आईनेही थांबायचं, मग "राहू दे"नंतर दोन ठोके पडतात तेव्हा वॉकर दोनदा जमिनीवर टेकवायचा आणि वळायचं. आई ते फार मन लावून करते. मला बघवत नाही. आम्हा बहिणींच्या भांडणावर आमची आई चालायला शिकतेय.

पाच मार्चला मोठ्या मैदानात कार्यक्रम आहे. जोडगोळी आणि मी. आईला म्हटलं, "या वेळी चल. पुढे खुर्ची ठेवायला सांगते, अगदी कठड्याशी."

म्हणाली, "नको. राहू दे."

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती.

"का पण? गाडी करू. हा सोबत असेल."

"तू काम कर तुझं. मी कशाला मध्ये?"

तेव्हा माझा तोल गेला. इतकी वर्षं मी गातेय, आई एकदाही माझं काम बघायला आलेली नाही. कोरसच्या वेळी ठीक होतं, मागच्या रांगेत काय बघायचं. पण आता? म्हटलं, "ताईचा कार्यक्रम असता तर गेली असतीस. स्ट्रेचरवरून गेली असतीस."

"तिचं काय मध्ये?" आई म्हणाली. खरंच न कळल्यासारखं.

"सगळं तिचंच आहे मध्ये."

आई वॉकरच्या रबराकडे बघत बसली. मी भांडी घासायला गेले. घासलेलीच पुन्हा घासली.

२७ फेब्रुवारी

आईशी बोलणं सुरू आहे. पाणी, गोळी, दिवा बंद करू का.

६ मार्च

कालचं लिहिते. काल शक्य नव्हतं.

पुष्कळ लोक. किती ते सांगता येत नाही, मैदानाची पलीकडची कड दिसत नव्हती. मुक्याने आधीच ठरवलं होतं – त्या जागी मी बोलायचं नाही. सगळं थांबलं की माइक लोकांकडे धरायचा. बोलका म्हणाला, "तुम्हाला परत म्हणायला लावून तुमचा छळ नको." मला वाटलं, बरं झालं.

गाणं आलं. थांबलं. मी माइक पुढे धरला.

नको येऊस.

तो आवाज मला छातीवर लागला. खरंच लागला, मी एक पाऊल मागे गेले. एवढ्या लोकांची तोंडं माझ्याकडे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद, आणि सगळे मिळून मला सांगतायत – नको येऊस. राहू दे. मग ठेका कोसळला आणि ते उड्या मारायला लागले. मी त्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. हे वाक्य म्हणण्याच्याच बाजूला होते. ऐकण्याच्या बाजूला ते असं असतं तर.

ताईला असं लागलं असेल.

समोर कठड्याशी आईसाठी ठेवलेली खुर्ची कुणीतरी घडी करून नेली होती.

नवरा परतताना गाडीत म्हणाला, "चांगलं झालं ना? मग तोंड असं का?" सांगता आलं नाही. मला अजूनही तिचा राग येतोय. राग गेला असता तर सोपं होतं. राग आहे, आणि वर हे.

१० मार्च

ताईचा फोन. मीच करणार होते, गेले चार दिवस करणार होते. तिने केला.

"काय गं छकुले, मोठी गायिका झालीस!" अजून छकुली म्हणते. "सगळे मला विचारतात, तुमची बहीण कुणाला एवढं तोडून बोललीय? मी सांगितलं, नवऱ्याला. दुसरं कोण मिळतं बोलायला?"

हे ठरवून बोलतेय असं वाटलं. म्हटलं, "ताई, नाटक नको. तुला बोललेय ते. तुला माहितीये."

"मला?"

"बारा जानेवारीला. मी स्टुडिओत होते. तू ऑडिटचं सांगितलंस."

मग म्हणाली, "मला तू असं नाही बोललीस."

"बोलले."

"नाही गं. मला तू 'बरं' म्हणालीस. 'बरं ताई, बघते मी.' आणि ठेवलास फोन. तुझं ते लिफ्टमधलं बरं. मी दोन दिवस ते घेऊन फिरत होते, की ही रागावली आहे का नाही, विचारावं का. मग काय, कॅल्शियमचं लिहिलं. तुझ्याशी दुसरं काही बोलता येतं का? तू रागावतेस कुठे माझ्यावर? नुसतं बरं म्हणतेस." तिचा आवाज जाड झाला. "हे असं मला म्हणाली असतीस ना, तर त्याच दिवशी निघाले असते. ऑडिट गेलं खड्ड्यात."

मी म्हटलं, "तुला सोयीचं तेवढं आठवतं."

"येते शनिवारी," म्हणाली. "तिकीट काढलंय. नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हण."

मी म्हटलं, "बरं."

आणि ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं ते 'बरं'.

तरीही. ती खोटं बोलतेय. खोटं नाही, विसरतेय. मी बोलले, माझे कान तापले होते, मला आठवतंय. साठलेलं बाहेर पडल्यावर जे हलकं वाटतं तेही आठवतंय. तिला नाही म्हटलं तर मग

११ मार्च

सकाळी आईचे केस विंचरताना विचारलं, त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी तू फोन केला होतास ना. कशासाठी गं?

"तिथे लिफ्ट आहे का, ते विचारायला," आई म्हणाली. "काकू गाडी काढत होत्या. तू काचेत उभी राहून कशी गातेस ते बघावं म्हटलं एकदा. चपला घालून बसले होते मी."

कंगवा माझ्या हातात तसाच. तो फोन मी इथे अर्ध्या ओळीत उरकलाय.

"मग? मी काय म्हणाले?"

आईने समोरचा वॉकर जरासा उचलला आणि दोनदा जमिनीवर टेकवला, गाण्यात 'राहू दे'नंतर ठोके पडतात तसा.